मंडईचं लुगडं

माझा भाऊ नागपूरला राहतो. बाप वारला, तेरवी उरकली, आणि त्यानं कोहमाऱ्याजवळचं, हायवेला लागून असलेलं आमचं घर वाडीसकट एका ढाबेवाल्याला विकायला काढलं. सातबाऱ्यावर नाव अजून बापाचंच. वारसांचा फेरफार तलाठ्याकडे पडून होता, पण याला कुठला दम निघतो? इसारपत्र करून ताबाही देऊन टाकला. ढाबेवाल्यानं वाडीभोवती सिमेंटचे खांब रोवले. आत माझी माय एकटी राहत होती. रस्ता रुंद होणार, त्याचे खांब आहेत, असं भावानं तिला सांगितलं. निराधारच्या पगाराचं काम म्हणून नेऊन हक्कसोडपत्रावर तिचा अंगठाही घेतला.

राहिले मी. मी हरकत घेतली असती तर सगळं अडलं असतं. मला हिस्सा नको होता, आग लागो त्या हिश्श्याला. मायला मरेपर्यंत मागच्या दोन खोल्या आणि विहीर असू दे, एवढंच माझं म्हणणं.

अशात त्याचा फोन आला. "बाई, मंडईले ये."

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्राच ती. भावानं बहिणीला बोलवायचं, लुगडं घ्यायचं, चार लोकांत मिरवायचं. या शहाण्याला कित्येक वर्षं बहीण आठवली नव्हती. तरी गेले. माहेरचं बोलावणं आलं की आमची अक्कल घरीच राहते.

लुगडं भारी घेतलं त्यानं. दुसऱ्या दिवशी तेच नेसवून मला सहीला नेलं. मी खोल्यांचं विचारलं.

"मायच्या खोल्या कुठी जाऊन राहिल्या?" तो म्हणाला. "फेरफार झाला का लिहून देतो. भावावर विश्वास नाही का तुहा?"

भावाचं लुगडं अंगावर असताना आमच्यात बहीण नाही म्हणत नाही. भीड भिकेची बहीण, दुसरं काय! मी सही केली.

फेरफार मंजूर झाला, रजिस्ट्री झाली, आणि लगेच जेसीबी आला. अंगणात वाळत घातलेले धान तेवढे मायला गोळा करू दिले.

मी फोन केला. "काऊन केलं असं?"

"ढाबेवाला आयकत नाही, मी काय करू? तुह्याकडं राहीन ना माय."

केसानं गळा कापला मेल्यानं. माय तेव्हापासून माझ्याकडेच आहे. घर रस्त्यात गेलं, असंच ती समजते. खरं सांगायला माझी जीभ वळत नाही.

लुगडं मी पेटीत तळाशी कोंबलं होतं. यंदा भाऊबीजेला मायनं ते शोधून काढलं आणि नेसून ओट्यावर बसली. शेजारीण म्हणाली, लुगडं छान आहे.

"माह्या पोरानं घेतलं," माय म्हणाली. "घर सरकारनं नेलं, पर पोरगा माहा लय चांगला."

"अन् तुमच्या पोरीले काय देल्लं?"

"तिले कायले पायजे? तिले तिचं घर हाये."

मी दारातच उभी होते. तोंडात आलेली शिवी गिळली आणि दोघींना चहा ठेवायला आत गेले.