देवदत्तचं पथ्य

माझा धाकटा भाऊ देवदत्त याला इंदूरच्या खाण्याचा एवढा अभिमान आहे, की हे शहर त्यानेच तळून काढलं असावं. पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो सुपरवायझर आहे. सकाळी कामावर जाताना पोहे-जलेबी, अकराला समोसा, चारला कचोरी, आणि घरी आल्यावर ताटात जे असेल त्यावर मूठभर शेव. वरणभातावर शेव, पोळीच्या चुऱ्यावर शेव. एकदा तर मी त्याला खरबुजावर शेव घालताना पकडलं होतं. काही बोलावं तर उत्तर तयार असे, "ताई, शेव म्हणजे बेसन, बेसन म्हणजे चना, चना म्हणजे प्रोटीन. टीचर होऊन तुला इतकं पण नाही समजत?" वय त्रेचाळीस, वजन ब्याऐंशी किलो आणि विज्ञान हे असं.

मी इंदिरा, त्याची नऊ वर्षांनी मोठी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि रामबागेतल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर मोड आलेले मूग नि वाफवलेला दुधी खात अत्यंत शहाण्यासारखी राहिले. खालच्या मजल्यावर देवदत्त, त्याची बायको शर्वरी आणि शेवेचे डबे. मग गेल्या वर्षी आमच्या घरातलं एक लिव्हर निकामी झालं. ते माझं होतं. माझ्या शरीरानेच माझ्या लिव्हरवर हल्ला चढवला होता, खाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. तीस वर्षं गिळलेल्या दुधीबद्दल कुणी साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही.

लिव्हर बदलायला हवं होतं, आणि लवकर. घरात रक्तगट जुळला तो एकट्या देवदत्तचा. मी स्कूटरची चावी मागितली असावी इतक्या सहज तो हो म्हणाला. पण तपासण्या झाल्या आणि कळलं, की त्याच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. असल्या लिव्हरचा तुकडा घेता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करू. तोवर सात किलो उतरवा. तळलेलं, मैदा, साखर, पाकिटातलं सगळं बंद. धान्य, डाळी, भाज्या, फळं, बस. चरबी गेली तर ऑपरेशन, नाही तर थांबावं लागेल. किती थांबता येईल हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विषय माझाच असल्यामुळे मला विचारावं लागलं नाही.

थोडक्यात, माझा जीव आता देवदत्तच्या जिभेवर टांगलेला होता.

मी एकच अट घातली. यातलं काही बाहेर बोलायचं नाही. रामबागेची सहानुभूती मला ठाऊक आहे. ती शहाळं घेऊन येते, पलंगाच्या कडेला बसते, आणि ज्यांची ऑपरेशनं फसली अशा सगळ्या नातेवाइकांची नावं घेते. मला कीव सहन होत नाही.

पहिल्या दिवशी देवदत्तने ज्वारीची भाकरी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली, वर्कशॉपमध्ये नापास झालेला पार्ट बघतात तशी.

"याच्यावर काहीच नाही घालायचं?"

"ठेचा घे."

"आणि शेव?"

"नाही."

"बिलकुल नाही? मतलब, थोडी पण?"

पण खाल्ली. मुगाचं वरण, पालक, काकडी, पेरू, सगळं खाल्लं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं नव्हतं. अडचण त्याची नव्हती, गावाची होती. आमच्याकडे माणसाने दारू सोडली तर कौतुक होतं, पोहे सोडले तर घरी कुणी गेलं का म्हणून विचारतात. वर्कशॉपमधले त्याला घेरून बसत. "काय भिया, नाराज आहे का? एक प्लेटनं काय होतं?" डॉक्टरांनी मना केलंय म्हणावं, तर उत्तर मिळे, "डॉक्टरचं काय ऐकतो भिया, तो स्वतः कचोरीच्या लाइनमध्ये उभा असतो!" खरं सांगायची बंदी मी घातलेली. शेवटी तिसऱ्या दिवशी त्याने सांगून टाकलं, की आपलं व्रत आहे. चातुर्मास नुकताच लागला होता.

दुपारी मला फोन आला. "ताई, जमलं! उपासवाल्याला कोणी फोर्स नाही करत!"

त्रेचाळीस वर्षं या शहरात काढलेल्या माणसाचे हे उद्गार. दुसऱ्याच दिवसापासून घरी आणि वर्कशॉपमध्ये डबे यायला लागले. साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर फराळी मिक्श्चर. शिंगाड्याचा शिरा. बटाट्याचा तळलेला कीस. राजगिऱ्याच्या पुऱ्या. व्रतस्थ माणसाला अशक्तपणा येऊ नये म्हणून शिऱ्यावर वरून तूप. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण सगळंच उपासाला चालणारं होतं. देवदत्त मन मोडू नये म्हणून प्रत्येकातले दोन-दोन घास खायचा. दुसरा आठवडा संपला तेव्हा त्याचं वजन नऊशे ग्रॅम वाढलं होतं.

त्या दिवशी मी त्याला फार लागेल असं बोलले. म्हटलं, "छान. माझ्या तेराव्याला शेवेचाच बेत ठेव." दुसऱ्या दिवसापासून तो स्कूटर घरी ठेवून पोलोग्राउंडला चालत जायला लागला, भर पावसात, छत्री घेऊन. डबे घ्यायचे, हात जोडायचे, आणि फाटकावरच्या चौकीदाराला देऊन टाकायचे, हेही त्याने शिकून घेतलं. चौकीदाराचं वजन काय झालं ते कुणी मोजलं नाही. देवदत्त मात्र सहाव्या आठवड्यात साडेपाच किलोंनी उतरला होता आणि त्याची पँट शर्वरीने दोनदा आत घेतली होती.

मग शशिकलाकाकूंनी मनावर घेतलं. काकू समोरच्या घरात राहतात, वय चौऱ्याहत्तर. आमची आई गेली तेव्हा देवदत्त सहा वर्षांचा होता, आणि पुढची कित्येक वर्षं तो काकूंच्याच ताटात जेवला. असा पोरगा एवढं कडक व्रत करतो म्हटल्यावर त्यांना राहवेना. श्रावण सरता सरता, स्कॅनला अकरा दिवस असताना, त्यांनी त्याच्या व्रताचं उद्यापन परस्पर ठरवलं आणि गल्लीतल्या वीस जणांना फराळाला बोलावलं. उद्यापनाचं आमंत्रण व्रत करणाऱ्याला सगळ्यात शेवटी मिळालं.

देवदत्तला पाटावर बसवलं, ओवाळलं. ताटात साबुदाणा वडे, कीस, शिरा, बासुंदी. तो हात जोडून म्हणाला, "काकू, पोट भरलंय, सच्ची." काकू म्हणाल्या, "उपाशी माणसाचं पोट कशानं भरलं रे? चल, एक घास माझ्या हातचा." आणि त्यांनी वडा मोडून, दह्यात बुडवून त्याच्या तोंडाशी नेला. सगळे कौतुकाने बघत होते. देवदत्तने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने तोंड उघडलं. आईच्या जागी असलेल्या बाईचा हात तो कसा ढकलणार? एका वड्याने स्कॅन बिघडत नाही, हे मला कळत होतं. पण वड्यापाठोपाठ शिरा येणार होता, शिऱ्यापाठोपाठ बासुंदी, आणि उद्यापासून व्रत संपलं म्हणून अख्खं इंदूर. माझी अट पाळायला तो हे सगळं मुकाट्याने गिळणार होता.

"काकू, थांबा," मी म्हणाले. "त्याचं व्रत-बित काही नाही. माझं लिव्हर गेलंय. तो त्याचं देणार आहे, म्हणून पथ्यावर आहे."

काकूंनी वडा ताटात ठेवला. मी शहाळ्यांची आणि अश्रूंची तयारी ठेवली होती.

"बाई गं, मग आधी नाही का सांगायचं?" काकू माझ्यावर ओरडल्या. "महिनाभर मी या पोराला तूप पाजतेय! शिकलेली ना तू?"

तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं झापलं नव्हतं. मला रडू आलं, आणि तेही सगळ्यांसमोर.

त्यानंतरचे अकरा दिवस देवदत्तला कैदेत काढावे लागले. सकाळी सहाला काकू मोड आलेली मटकी घेऊन हजर. नाक्यावरचा कचोरीवाला त्याला लांबूनच हाकलू लागला, "नहीं भिया, तुम्हारे लिए बंद है." वर्कशॉपमधले त्याच्या डब्याची झाकणं उघडून तपासणी करत. कीव करायला कुणालाही वेळ नव्हता. माझी एवढी जपलेली भीती अगदीच फुकट गेली, आणि तिच्यापायी मी सहा आठवडे त्या माणसाला एकट्याला लढायला लावलं होतं.

स्कॅन झाला. देवदत्तचं वजन सात किलो दोनशे ग्रॅमनी कमी होतं. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र आम्हाला दाखवलं आणि म्हणाले, "चरबी गेली. घेता येईल." मग त्यांनी देवदत्तसमोर संमतीचा फॉर्म ठेवला आणि देणाऱ्याला काय काय होऊ शकतं ते एकेक वाचून दाखवलं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आणि क्वचित, फार क्वचित, मृत्यू. देवदत्त मान हलवत राहिला. मग त्याने विचारलं, "ताईला किती देणार साहेब?"

"साधारण साठ टक्के."

"थोडा जास्त द्या ना. माझ्याकडे बहुत आहे."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. आठ आठवडे मी या माणसाच्या ताटात बघत होते, त्याच्या तोंडाकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गाल आत गेले होते आणि त्याने दाढी केली नव्हती.

"देवा, भीती वाटते का रे?"

"खूप वाटली, ताई," तो पेन उघडत म्हणाला. "आठ हप्ते रोज. मी फेल झालो तर तुला काय सांगू, हेच डोक्यात."

"ऑपरेशनची विचारतेय मी."

"हां, ती पण आहे," तो म्हणाला आणि त्याने सही केली.