गवताची पिशवी शिवताना

चिखलीच्या बाहेर ज्या कॉलेजात मी कामाला आहे, तिथलं मैदान माझ्याकडे असतं. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आलं, तेव्हा मी बायकोला मुद्दाम दाखवायला घेऊन गेलो होतो. खाली पातं फिरतं, त्याच्या वाऱ्याने कापलेलं गवत जाड पाइपातून मागे फेकलं जातं आणि सीटमागच्या दोन जाळीच्या पिशव्यांत भरतं. तिनं पिशवीची शिवण उलटसुलट करून पाहिली. शिवणकाम करणारं माणूस, दुसरं काय पाहणार?

पुढे तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. पण शेजारणीच्या ब्लाउजची एक बाही वाकडी शिवली गेली आणि तिनं मनाला लावून घेतलं. शिलाई मशीनवर जुनं लुगडं टाकलं. आलेली कापडं परत दिली. संध्याकाळी मी घरी यायचो तर ती नुसती ओट्यावर बसलेली असायची.

त्या पावसाळ्यात कुंपणाच्या तारेत अडकून एक पिशवी तळाशी टरकन फाटली. नवी बाहेरून मागवावी लागणार होती, आणि गवत तर रोज वाढत होतं. मी ती घरी आणून अंगणात टाकली. तिनं उचलली, भोकातून हात घालून पाहिला आणि मला म्हणाली, "सुई ओवून द्या. मले ते नाही जमत आता."

मी ओवून दिली. तिसऱ्या खेपेला जमलं. ताडपत्रीचा तुकडा घेऊन तिनं पिशवीला नवा तळ आणि अर्ध्यापर्यंत बाजू लावली. शिवण जाड होती, शिलाई मशीन अडत होतं. मी चाकाला हात देत होतो.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरेचना. पाइप चोंदला, गवत पात्याखालीच गोळा व्हायला लागलं. मशीन बंद करून मी काडीनं पाइप मोकळा केला, थोडं चालवलं, परत तेच. हे तिला कसं सांगावं, याच विचारात घरी आलो. खोटं बोलायला गेलो, पण तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं. मला वाटलं, आता ते लुगडं पुन्हा मशीनवर पडणार.

तिनं पिशवी मांडीवर घेऊन ताडपत्रीच्या बाजूंवरून हात फिरवला. मग म्हणाली, "वाऱ्याले बाहेर जायाले जागाच नाही ठेवली मी. वारा निंगन तवाच गवत आत येईन ना."

तिनं ताडपत्री फक्त तळाला ठेवली. बाजू उसवल्या आणि तिथं आमची जुनी नायलॉनची मच्छरदाणी दुहेरी करून लावली. या वेळी ती माझ्याबरोबर मैदानावर आली. चिंचेखाली उभी राहून पाहत होती. एक फेरी मारून मी मशीन बंद केलं आणि झाकण उघडलं. पिशवी काठोकाठ भरली होती. तिनं ओंजळभर गवत काढून हुंगलं. घरी पायीच जाऊ म्हणाली, आणि वाटेत शेजारणीच्या दारात थांबून ब्लाउजचं कापड मागून घेतलं.

पिशव्या आता आम्ही दोघं मिळून धुतो. ओलं गवत वाळलं की जाळीची भोकं बुजतात, म्हणून मी उलट्या करून झटकतो, ती ब्रशनं घासते आणि दोरीवर वाळत टाकते. परवा घासता घासता तिनं विचारलं, "आपन कालच धुतल्या ना ह्या? मंग आज काऊन आनल्या?"

"तू बसून होती म्हनून," मी म्हणालो.

ती हसली आणि बादली माझ्याकडे सरकवली.