पुस्तकात नसलेली म्हैस

शहागंजात नूरमोहम्मद टेलरांचं दुकान आहे. म्हणजे आता ते त्यांचा मुलगा अफजल चालवतो, पण शटर वर गेलं की नूरमोहम्मद हजर. आमखास मैदानावर खेळणाऱ्या कितीतरी पोरांच्या पांढऱ्या पँटी त्यांच्या हातच्या. त्यांची शाळा करमाड गावची, मराठी, सातवीपर्यंत. पण वाचनाचं वेड असं, की गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभं आणि हे आधी पान संपवतायत!

मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा, मग ऑपरेशन. आता वाचायचं कसं? करमाडच्या शाळेत एकाच तरटावर बसलेले दोस्त अप्पाराव धावून आले. रोज दुपारी कटिंगच्या टेबलाशी बसून ते मोठ्यांदा वाचून दाखवू लागले. आणि वाचायचे काय झकास! हात नाचवून, आवाज बदलून.

रविवारी वाचनालयात मंजुषा मॅडम वाचक कट्टा भरवत. अलीकडं काय वाचलं, कसं वाटलं, ज्यानं त्यानं सांगायचं. तिथं शिकलेल्या मंडळींत नूरमोहम्मदांच्या मताला वजन होतं. हातातली सुई सुटल्यावर माणसानं मान वर करून बोलावं अशी तेवढी एकच जागा त्यांना उरली होती.

त्या रविवारी आधी क्रिकेट निघालं. एका रणजी विकेटकीपरचं आत्मचरित्र.

"कीपरच्या पँटी मी शिवल्यात," नूरमोहम्मद म्हणाले. "गुडघ्यावर फाटून परत यायच्या. अन् ह्या गड्याच्या हातून अख्ख्या पुस्तकात एक कॅच सुटत नाय! ग्लोव्ह्ज घालूनच लिहिलंय जणू."

मंडळी खूश. मग नूरमोहम्मद त्या आठवड्यातल्या कादंबरीवर आले.

"ही मात्र, खुदा कसम, लई भारी. सून पहाटं घर सोडून निघती. उंबऱ्यातून माघारी फिरती, म्हशीला पाणी पाजती, तिच्या कपाळाला कपाळ लावती. तिथं मी रडलो."

मंजुषा मॅडमनी पानं चाळली. "चाचा, म्हैस कुठंय? ह्यात तर गोठाच नाही."

"चाचा, पुस्तक वाचलं का दूध पिऊन आलात?" रिटायर तलाठी कचरू ओरडले, आणि जो हशा उसळला म्हणता!

नूरमोहम्मदांचे कान तापले. शेजारी अप्पाराव पंख्याकडं बघत होते. काय ते नूरमोहम्मदांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पहिला सवाल तोच. "म्हैस कुणाची, अप्प्या?"

"मावशीची. ती अशीच निघाली व्हती."

"अन् तू तिला पुस्तकात बांधलीस?"

"ती बाई रिकामीच चालली व्हती रे. मला बघवंना. तू रडलास का नाय?"

"रडलो. पण पुस्तकाच्या नावानं बोललो ना मी! आता माझं कोण ऐकंल तिथं?"

खाली मान घालून अप्पारावांनी तेच पान काढलं आणि हात न नाचवता वाचलं. बाईनं ट्रंक उचलली. दार लोटलं. गेली.

"पुढं?"

"पुढं काय नाय. धडा संपला."

"परत वाच."

अप्पारावांनी पुन्हा वाचलं. मशीनवरचा अफजलसुद्धा थांबला. या खेपेला नूरमोहम्मदांना रडू आलं नाही. ते त्या लोटलेल्या दाराशीच अडकून बसले.

पुढच्या रविवारी जावं की नको, असं करत करत गेले. कचरू टपूनच होते. "आज बकरी हाय का चाचा?"

"नाय. आज गोठा रिकामाय, म्हणूनच उठलो. मागच्या खेपंला मी ह्या अप्प्याची मावशी वाचली. आता पुस्तक ऐकलं. ती बाई मागं वळत नाय, कारण त्या घरात तिला वळून बघावं असं कुणी काय ठेवलंच नव्हतं. लिहिणाऱ्यानं तिथं एक शब्द जास्त घातला नाय. मी असतो तर घातला असता."

कुणी हसलं नाही. मग कचरूच म्हणाले, "ते पान वाचा बरं कुणीतरी."

पुस्तक अप्पारावांच्याच हातात होतं. ते उभे राहिले. जेवढं छापलं होतं तेवढंच वाचलं, तोंड मिटलं आणि खाली बसले. त्यांना ते किती जड गेलं, हे तिथं एकट्या नूरमोहम्मदांनाच ठाऊक.