मोहाच्या जागी घरकुल

घरकुल मंजूर झालं तेव्हा आम्ही दिराच्या घरामागे पत्र्याच्या पडवीत राहत होतो. आमची स्वतःची जागा नव्हती, आणि जागा दाखवली नाही तर घरकुल परत जाणार होतं. गावात आमच्यासारखी आणखीही कुटुंबं होती. मोकळी जमीन म्हणजे शाळेमागचं मोहाचं रान, सरकारी.

ग्रामसभेत बरंच बोलणं झालं. ज्यांची घरं बांधून झाली होती ते म्हणाले, झाडं गेली तर उन्हाळ्यात गुरं कुठे बसतील, बाया काय वेचतील. ते खरंच होतं. पण माझी सासू उठली आणि म्हणाली, "तुमना डोकावर स्लॅब शे, म्हनीसन तुमले झाडं गोड लागतस." लोक हसले. मी पदर तोंडाला लावून मागे बसले होते. मला दोन्हीकडचं पटत होतं. असं पटलं की हात कधी वर करायचा तेच कळत नाही.

आमच्याकडे रानातला मोह कुणाच्या मालकीचा नसतो. फुलं गळायच्या आधी जी बाई झाडाखालचा पाला काढून जागा स्वच्छ करते, त्या हंगामापुरतं ते झाड तिचं. दुसरी कुणी तिथलं फूल उचलत नाही. सरपंचांनी शेवटी त्यावरच तोडगा काढला. ज्यांना घर हवं त्यांनी यंदा आपल्या नेहमीच्या झाडाखालचा पाला काढू नये. तेवढीच झाडं पाडू.

नवरा ऊसतोडीला गुजरातेत होता. फोनवर म्हणाला, आईला विचार. सासू म्हणाली, "मन्ही जिंदगी पडवीमा गयी. आते तू ठरव."

घर हवं असलेल्या बाकीच्या बायांनी पाला काढला. हातातला हंगाम सोडवला नाही त्यांना. त्यांची घरकुलं अजून कागदावरच आहेत. मी खराटा घेऊन गेले, झाडाखाली थोडा वेळ उभी राहिले आणि तशीच परत आले.

आता त्या झाडाच्या जागी आमचं एकटंच घर आहे, चारी बाजूंनी मोह. शेजारच्या झाडाची फुलं आमच्या अंगणात पडतात. ती माझी नाहीत, म्हणून मी उचलत नाही. ते झाड जिचं, ती पहाटे टोपली घेऊन येते आणि कुंपणाबाहेर थांबून विचारते, "येऊ का वो?"

मी हो म्हणते, पण मला ओशाळल्यासारखं होतं. त्या रानात यायला आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.