पायाळूची लाथ आणि डॉक्टरांचा सव्वा महिना

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर काढले. यात माझं कर्तृत्व शून्य, पण लोणावळ्यात आमच्या आळीत एवढ्या भांडवलावर मी लहानपणीच वैद्य झाले. कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो माणूस शनिवारी सकाळी आमच्या अंगणात येऊन पालथा पडायचा, आणि मी त्याच्या कंबरेवर डाव्या पायाने तीन लाथा मारायच्या. आई त्याला 'पाय लावणं' म्हणत असे. खंडाळ्याला मेमांच्या शाळेत मी हे कुणाला कळू दिलं नाही. तिथे मी कमी बोलणारी, नीटनेटकी मुलगी होते, आणि कमी बोलते म्हणून सगळ्यांना हुशार वाटत होते. शनिवारी आपण शेजारच्या पुरुषांना लाथा घालतो, हे इंग्रजीत कोणत्या तोंडाने सांगणार?

बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. तिथल्या हमालांचा मुकादम हाच आमच्या घरामागच्या तालमीचा वस्ताद. मी त्यांना आबा म्हणायची. आबा मूळचे टाकव्याचे. पन्नाशीला टेकलेले, आणि डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं. मान कुठे गेली ते कळत नसे. टाकव्याच्या जत्रेत देवळापुढे एक गोटी आहे. गोटी म्हणजे मोठ्या घागरीएवढा गोल दगड. तीन मणांचा म्हणतात. मालधक्क्यावर भलामोठा काटा होता, पण गोटी तिथे आणून तोलावी असं कुणी कधी सुचवलं नाही. न जाणो, अडीचच निघायची.

रीत अशी, की मागच्या जत्रेत ज्याने गोटी खांद्यावर घेतली त्यानेच पहिला हात लावायचा. त्याने ती पुन्हा घेतली तर मानाचा पटका त्याच्याच डोक्यावर राहायचा. नाही घेतली तर पटका सोडायचा, आणि मग इतरांनी गोटीला शिवायचं. आबांच्या डोक्यावर तो पटका नऊ वर्षं होता. तालमीतली पोरं आपलं ऐकतात ती पटक्यामुळेच, अशी त्यांची खात्री होती. पटका गेला की मागे उरणार फक्त एक जाडा मुकादम.

माघातल्या एका गारठलेल्या सकाळी आबांनी अंग न तापवता तालमीतला नाल उचलला. नाल म्हणजे मूठ कोरलेलं दगडी कडं. कंबरेत कळ आली आणि आबा तिथेच मातीत बसले. मग तालमीने उपचार केले. रुईची पानं बांधली, तापवलेली वीट ठेवली, शेवटी बिब्बा घातला. बिब्ब्याने कातडी भाजली, त्यामुळे एकाची दोन दुखणी झाली. शनिवारी आबा आमच्या अंगणात येऊन आडवे झाले.

मी अठरा वर्षांची होते, मॅट्रिक झाले होते. समोर पसरलेली ती प्रचंड पाठ पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लवकर आटपावं म्हणून तिन्ही लाथा जरा जोरातच बसल्या. "लय ब्येस," असं म्हणत आबा उठले. दुसऱ्या दिवशी त्यांना डाव्या पायात मुंग्या आल्या आणि टाच बधिर झाली.

टेकडीवरच्या बंगल्यात एक निवृत्त गोरे डॉक्टर राहायचे. बाबा आबांना तिकडे घेऊन गेले आणि मलाही नेलं, कारण बाबांचं इंग्रजी मालाच्या पावत्यांपुरतंच होतं. डॉक्टरांनी आबांना उताणं निजवलं, पाय सरळ वर उचलून पाहिला, तळव्याला टाचणी टोचली. मग सावकाश मला सांगितलं. मणक्यापाशी नस दबली आहे. रोज उताणं निजून गुडघे पोटाशी घ्यावेत, भरपूर चालावं, वाकताना पाठ ताठ ठेवून खुब्यातून वाकावं. आणि जड वजन यापुढे कधीही उचलायचं नाही. उचललं तर जन्मभर पाय ओढत चालावं लागेल.

"काय म्हनत्यात?" आबांनी विचारलं.

ते टेबलावर उघडे बसले होते, आणि निकालाच्या दिवशी शाळेतल्या मुली बघतात तसे माझ्याकडे बघत होते. माझ्या लाथेनेच नस दबली असं मला वाटत होतं. डॉक्टरांना विचारून खात्री करायची, तर आधी लाथ इंग्रजीत सांगावी लागली असती.

"सव्वा महिना वजन उचलायचं नाही," मी म्हणाले.

"जत्रंला दोन म्हैनं हायती," आबा खुलले. "मंग काय, हाय की येळ!"

डॉक्टरांनी त्यांचा खुललेला चेहरा पाहिला, आणि रोगी समजूतदार आहे असं मला म्हणाले.

तिथून पुढे डॉक्टर मीच. आबा रोज संध्याकाळी आमच्या पायरीपाशी येऊन विचारत, "ताई, मालिशला डाक्तर काय म्हनतो?" तालमीतली चार पोरं त्यांच्या पाठीवर चढून मालिश करत, हे मी माडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. डॉक्टर नको म्हणतात, असं मी सांगून टाकलं. गुडघे पोटाशी घेणं डॉक्टरांचं होतं, चालणंही त्यांचंच. नुसती परवानगी देत सुटणारा डॉक्टर खोटा वाटतो, म्हणून मी चहाही बंद करून टाकला.

आणि गंमत म्हणजे आबा सुधारायला लागले. त्यांनी दुखण्याचे दोन प्रकार ठरवले होते, बसकं आणि पळतं. कंबरेत एका जागी ठाण मांडून बसतं ते बसकं. "त्याला बसू द्या, त्ये कुनाचं काय घेत न्हाई." कंबरेतून निघून मांडी, पोटरी करत टाचेपर्यंत जातं ते पळतं. ते आलं की हातात असेल ते खाली ठेवायचं. या नियमावर आम्ही दोघांनी सगळा कारभार चालवला. सव्वा महिना संपल्यावर आधी रिकामी बादली, मग अर्धी, मग भरलेली.

"वस्ताद, म्हशी धुवायला काढल्या काय?" तालमीतून कुणीतरी ओरडायचं.

"तुला धुतो आदी, मंग म्हशी!"

बादलीनंतर धाकटा नाल आला. बसकं दुखणं राहिलं, पळतं येईनासं झालं. आबा खूश आणि मी रोज जास्त घाबरलेली. ते बरे झाले नसते तर जत्रेचा प्रश्नच मिटला असता. माझ्या खोट्या डॉक्टरने त्यांना गोटीपर्यंत चालत नेलं होतं.

चैत्रात जत्रेला बाबांनी आम्हा सगळ्यांना नेलं. कामशेतला गाडीतून उतरून पुढे बैलगाडीने. देवळापुढे ही गर्दी! आबा देवळामागे, सोडलेल्या बैलांजवळ उभे राहून हातांना माती चोळत होते. मला कुणाशी आपणहून बोलायची सवय नव्हती, म्हणून मी सरळ शेवटापासून सुरुवात केली.

"आबा, डॉक्टर सव्वा महिना म्हणाले नव्हते. कधीच नाही असं म्हणाले. उचललं तर पाय जाईल म्हणाले. सव्वा महिना मी सांगितला."

आबांचे हात थांबले.

"मालिश?"

"ती मी बंद केली."

"गुडगं प्वाटाशी?"

"ते डॉक्टरांनीच सांगितलं."

"आन् च्या?"

"मी."

"च्यानं काय क्येलतं?"

"काहीतरी बंद करायला हवं होतं."

"दोन म्हैनं!" आबा असे ओरडले की बैलांनी माना वर केल्या. "दोन म्हैनं च्या न्हाई प्यालो मी! बायकू म्होरं बसून फुर्र फुर्र पेती!"

"माझ्या लाथेने वाढलं असं मला वाटलं. म्हणून खरं सांगवेना."

"ती लाथ व्हती व्हय? मला वाटलं मांजर चढलं." मग ते एकदम हळू बोलायला लागले. "चार वरसं दुखतीया ही कंबर. पायाला मुंग्या तवापास्नं. कुनाला बोललो न्हाई. बोललो असतो तर पटका तवाच ग्येला असता."

तेवढ्यात पुढून हाक आली. आबा गेले. मी गर्दीत घुसून बायकांच्या कडेला उभी राहिले. जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं, आता माझ्या हातात काही नव्हतं.

आबांनी पाठ ताठ ठेवली, खुब्यातून वाकले, गोटीला मिठी घातली. गोटी जमिनीपासून सुटली. मांडीवर आली. तिथे ती टेकवून ते दम घेतात आणि मग छातीवर घेतात, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून लोक ओरडायला लागले. मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघत होते. पोटरी लटपटली. आबांनी एकदा छातीकडे पाहिलं. मग गोटी खाली ठेवली. टाकली नाही, पाळण्यात मूल ठेवावं तशी ठेवली.

मग मागून एकजण म्हणाला, "म्हातारं झाला की वो वस्ताद!"

"झालो," आबा म्हणाले. "तुजा बाप माज्या आदी झालाय, त्याला म्होरं घाल."

लोक हसले. आबांनी पटका सोडला, घडी घालून गोटीवर ठेवला आणि बाजूला झाले. वराळ्याचा एक दांडगा गडी बाह्या सरसावत पुढे आला. तो वाकायच्या आधीच आबा गर्दीतून बाहेर पडून गाड्यांकडे निघाले होते. मी मागोमाग गेले आणि त्यांचा डावा पाय बघत राहिले. धुळीत उमटत होतं ते पाऊल होतं, ओरखडा नव्हता. तरी मी तीसेक पावलं तपासली.

"काय बगताय?" मागे न वळताच त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हैस व्यालीया घरी. पारडू उचलून गोठ्यात न्यावं लागतं. डाक्तर काय म्हनंल?"

"मी जाऊन विचारते. या वेळी म्हणतील तेच सांगीन."

"त्यो न्हाईच म्हननार. तुमी सांगा."

मी भरभर चालत त्यांच्या बरोबरीला आले.

"पारडू केवढं आहे?"