त्या सकाळी ऐकवलेला आवाज

आमचा उपग्रह पावाच्या लादीएवढा होता. त्यात माझं काम एवढंच, की थोडं पाणी तापवायचं, त्याची वाफ बारीक भोकातून सोडायची आणि त्या धक्क्याने उपग्रह किंचित पुढे सरकवायचा. पीएचडीची चार वर्षं त्या भोकावर गेली.

त्याचे संदेश ऐकायला विद्यापीठाचं आवार सोयीचं नव्हतं. शहरात रेडिओवर नुसती खरखर. मी लोणावळ्याची, मावळातली माणसं ओळखीची, म्हणून जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. आंदर मावळात उंचावरच्या एका वाडीत घरकुलाचं पक्क्या स्लॅबचं घर मिळालं. एक मावशी, त्यांचे सासरे आबा आणि तीन म्हशी. वर काय बसवणार ते मावशींनी विचारलं, तेव्हा मी अँटेनाचं, उपग्रहाचं आणि त्याच्या वाफेचंही सांगितलं.

“मंजी कुकरची शिट्टी,” त्या म्हणाल्या. याहून चांगलं मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

उपग्रह डोक्यावरून जायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ अँटेना त्याच्या मागे मागे फिरवावी लागते. फिरवणारी मोटर पहिल्याच आठवड्यात पावसाच्या पाण्याने बिघडली. मावशी म्हणाल्या, “मी फिरवते की. तू निस्तं सांग कुटं ते.” दुसऱ्या एका जुन्या उपग्रहावर आम्ही सराव केला. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

रॉकेट सुटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला आमचा उपग्रह पहिल्यांदा मावळावरून जाणार होता. आबांनी सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं. भात लावणीचे दिवस, तरी वीस-पंचवीस माणसं प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेऊन स्लॅबवर जमली. मीच म्हटलं होतं, या, ऐकायला मिळेल.

वेळ झाली. मावशी अँटेना फिरवू लागल्या. माझ्या हेडफोनमध्ये नुसती सळसळ. पाच मिनिटं गेली, सात गेली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आबांनी हळूच विचारलं, “आलं का गं?”

लॅपटॉपमध्ये उपग्रह टेबलावर असताना भरून ठेवलेला त्याचा आवाज होता. मी हेडफोनची वायर काढली आणि तो लावला. टिट, टिट, मग एक लांब सूर.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी टोपी काढून आकाशाकडे हात जोडले. “आपल्या डोंगरावरनं जाताना बोलून गेलं,” ते म्हणाले. एवढ्यात पुण्याहून माझ्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. मी टाकीच्या आडोशाला गेले.

“काही आलं?”

“नाही सर. काहीच नाही.”

त्यांना मी खरं सांगितलं. परत फिरले तेव्हा मावशी अजून अँटेना धरून उभ्या होत्या, कारण थांबा असं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

पुढचे तीन आठवडे आम्ही शोधत राहिलो. रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मावशी खाचरातली लावणी टाकून, चिखलाचे पाय धुऊन वर यायच्या. हेडफोन माझ्या कानाला असायचा, त्यांना काही ऐकू यायचं नाही. “आज बोललं?” त्या विचारायच्या. “हो,” मी म्हणायचे. पहिल्या दिवशीचं एकदा निभावल्यावर दुसऱ्या दिवशी ‘नाही’ म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. त्या समाधानाने खाली उतरायच्या. एकदा म्हणाल्या, “बाया म्हंत्यात, उपटल्याली रोपं सुकाय लागली. म्हटलं, त्याची येळ टळली तर परत भेटत न्हाई.”

शेवटी उपग्रह गेला असं धरून आमच्या विभागाने शोध थांबवला. माझ्या वाफेच्या भोकाला एकदाही काम करायची पाळी आली नाही. सामान आणायला मी एकटीच गेले. मावशी म्हशीला वैरण घालत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पहिल्या सकाळचं, नंतरच्या रोजच्या ‘हो’चंही.

त्यांनी आधी वैरण टाकून संपवली. मग म्हणाल्या, “ते मेलं त्यात तुजा दोस न्हाई. मशीन हाय. पर मी लावणी टाकून येत व्हते.”

“चुकलं माझं, मावशी.”

“न्हाई बोललं असं सांगितलं असतंस तरी मी आलेच असते.” मग त्या म्हणाल्या, “आबांस्नी तू सांग. मी न्हाई सांगणार.”

आबा ओट्यावर होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. त्यांनी ही गोष्ट वडगावच्या बाजारापर्यंत सांगितली होती, लेकीच्या सासरी सांगितली होती. ते उठले, काठी घेतली आणि गुरांकडे निघून गेले. मावशींनी अँटेना उतरवायला हात लावला, खांबाची भोकं सिमेंटने बुजवली. त्या दिवशी चहाचं कुणी विचारलं नाही. मी गाडीत सामान भरलं आणि निघाले.

प्रबंधात मी लिहिलं, पहिल्या फेरीत संदेश मिळाला नाही. ते खरंच आहे. कुणी काय ऐकलं, हा रकाना प्रबंधात नसतो.

आमचा दुसरा उपग्रह आता वर आहे आणि नीट बोलतो. गेल्या वर्षी विभागाने गावोगावच्या शाळांत तो ऐकवायचा कार्यक्रम ठेवला, यादीत ती वाडीही होती. सरांनी मला जायला सांगितलं. मी दुसरं काम आहे म्हटलं. माझी एक सहकारी गेली. परत आल्यावर चहाच्या टेबलावर ती सांगत होती, तिथल्या एका मावशींनी सगळ्यांदेखत विचारलं, “ह्यो आवाज आत्ताचा हाय का भरून आणलेला?”

सगळे हसले. किती हुशार बाई, असं कुणी तरी म्हणालं. मीही हसले आणि माझा कप घेऊन प्रयोगशाळेत गेले.