भिंगारचा कप्तान

"नारळ फोडला, हार घातला, तरी मी विलेक्शनीत पडलोच! कसला कप्तान तुमचा?"

भिंगारच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात तो उमेदवार असा ओरडत होता, की कडुलिंबावरचे पोपट श्रीरामपूरला जाऊनच टेकले असतील. म्हातारा रखवालदार मात्र घोड्याला खरारा करावा तशी ओल्या फडक्यानं कप्तानाची कबर पुसत राहिला. म्हणे इंग्रजांच्या काळात हा कप्तान जहाज सोडून कापसाच्या व्यापारात शिरला आणि तिथून राजकारणात. म्हणून इथला प्रत्येक उमेदवार आधी त्याच्यापुढे नारळ फोडतो. समुद्र नसलेल्या नगरात तो आला कसा, हे मला अजून उमगलेलं नाही.

"पुन्हा उभं राहू का नको, तेवढं सांगा," उमेदवार रडकुंडीला आला. "बायको न्हाई म्हनती."

म्हाताऱ्यानं दगडावरच्या इंग्रजी अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. "कप्तानबी पयल्यांदा पडलाच हुता. दुसऱ्यांदा आला निवडून. हितं लिवलंय की."

उमेदवार छाती फुगवून निघून गेला. मी वाकून पाहिलं, तर अक्षरं पार झिजलेली.

"बाबा, खरंच असं लिहिलंय?"

फडकं पिळत म्हातारा म्हणाला, "मला वाचता येत न्हाई."